भीमण्णांचा बत्ता

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी गेले तरी भीमण्णा आधी माणसांकडे बघत नसत, खाली बघत. चपला दाराबाहेर काढायच्या, खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घालायचा, वेलदोडे कुटायचा छोटा पितळी बत्ता काढायचा आणि उंबऱ्यालगतच्या टाईलवर टक् टक् करायचं. मग "सरी", म्हणजे ठीक, असं तरी म्हणायचं, नाहीतर "अय्यो" तरी. यजमान हात जोडून उभा असेल तर त्यानं तसंच उभं राहायचं. एकदा शेजारच्या घरी साखरपुडा होता. भटजी मंत्र म्हणतायत आणि हे नवऱ्या मुलाच्या पाटाशेजारी वाकून फरशी ठोकतायत. मान वर केली तेव्हा समोरून कुणीतरी विचारलं, "अण्णा, मुलगा कसा वाटला?" तर म्हणाले, "मुलाचं मला ठाऊक नाही. तो बसलाय ती टाईल पोकळ आहे."

नाव भीमराव, पण बेंगळूरात रावाचा अण्णा व्हायला वेळ लागत नाही. देह भीमाचा नव्हता, काटकुळा होता. आवाज मात्र भीमाचा. साधं "चहा नको" म्हणाले तरी कोपऱ्यावरचा दुकानदार मान वर करून बघे. जन्म एका सरकारी कारखान्यात गेला, तपासणी खात्यात. या खात्याला लागूनच पत्रा ठोकायची अजस्र यंत्रं होती, दिवसभर त्यांचा दणदणाट. त्या दणदणाटात बसून समोर आलेला माल बघायचा आणि पटला नाही तर लाल खडूनं फुली मारायची, एवढंच काम. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना घड्याळ मिळतं तसं यांनाही मिळालं असेल, पण घरी येताना ते खडू घेऊन आले.

आमची गल्ली यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या मागच्या अंगाला. आम्ही इथले जुने मराठी लोक. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागून आलो म्हणतात. कशाला आलो ते कुणाला सांगता येत नाही, पण परत गेलो नाही एवढं नक्की. घरात मराठी बोलतो, तेही असं की पुण्याचा माणूस ऐकून आधी हसतो आणि मग "पुन्हा म्हणा ना" म्हणतो. घरं बैठी, आणि घरात जमीन लाल ऑक्साईडची. पायाला गार, डोळ्याला शांत, आणि जुनी झाली की तिला ठिकठिकाणी भेगा.

नव्वदच्या पुढे या गल्लीला टाईल्सचं वेड लागलं. आमच्यातल्या एकानं बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी घर बांधलं. म्हशी आणि बेडूक सोडून तिकडं कोण राहणार, म्हणून आम्ही हसलो होतो. वास्तुशांतीला गेलो तर खाली पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाईल्स. बायकांना जमिनीत स्वतःची तोंडं दिसली. परत आल्यावर प्रत्येकीला आपली लाल जमीन बघून शिसारी आली. मलाही आली, खोटं कशाला सांगू?

टाईल विकत घेणं सोपं असतं. बसवणारा माणूस शोधताना घाम फुटतो. दुकानदाराकडे एक मेस्त्री असतो, तो त्याचा मेहुणा निघतो. सर्कलजवळ सकाळी थापी-घमेलं घेऊन माणसं बसलेली असतात. त्यांना "टाईल्सचं काम येतं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. रंगकाम विचारलं तरी हो म्हणतात, दाढ काढायची आहे म्हटलं तरी नाही म्हणणार नाहीत. अशा वेळी गल्लीतला शहाणा माणूस मेस्त्र्याला आधी भीमण्णांकडे पाठवी. अण्णांनी पास केला तरच त्याला घरात घ्यायचा, आणि काम झालं की अण्णांना बोलवून फरशी ठोकून घ्यायची. टाईलखाली सिमेंटचा माल सगळीकडे सारखा बसला असेल तर आवाज घट्ट येतो, टण् असा. खाली हवा राहिली असेल तर ढब् वाजतं, आणि तशी टाईल आज ना उद्या फुटते. अण्णांनी लाल फुली मारलेली टाईल मेस्त्र्यानं मुकाट्यानं उखडून पुन्हा बसवायची, असा आमच्या गल्लीचा कायदाच होता.

परीक्षा अण्णांच्या ओसरीवर सुरू होई. मेस्त्री नमस्कार करायच्या आत अण्णा म्हणत, "मंडी तोरसू." म्हणजे गुडघे दाखव. जो खरा टाईल बसवणारा, तो जन्मभर गुडघ्यांवर बसतो, त्याच्या गुडघ्यांना घट्टे पडलेले असतात. "गुडघा गुळगुळीत असला म्हणजे तो उभ्यानं टाईल बसवतो," अण्णा सांगत, "आणि उभ्यानं बसवलेली टाईल चार दिवसांत उभी राहते." एक मेस्त्री चुस्त पँट घालून आला, ती पोटरीच्या वर सरकेना. त्याला लुंगी नेसून ये म्हणून परत पाठवलं. राजस्थानचा एक संगमरवरवाला तर भडकलाच. "मी काय मुलगी आहे का बघायला?" असं हिंदीत म्हणाला, आणि रागारागानं धोतर वर केलं. गुडघे दगडासारखे. अण्णांनी ते प्रेमानं चाचपून पाहिले आणि त्याला कॉफी मागवली.

परीक्षेत बोलायला बंदी होती. मेस्त्री आपली कर्तबगारी सांगायला लागला, कुणाच्या बंगल्यात काम केलं, कुठल्या आमदारानं पाठ थोपटली, की अण्णा हात वर करत. "स्वल्प ताळू, जरा थांब. तोंडानं टाईल बसत नाही." त्यानं विनवलं, "अण्णा, जरा ऐकून तरी घ्या," तरी ते ढिम्म. "माणसाचं ऐकायचं नाही," असं त्यांचं तत्त्व होतं. "टाईलचं ऐकायचं." कुणी पाठीमागून हाक मारली तर वळून बघणं नाही, कुणी वाटेत मध्येच काही विचारलं तर उत्तर नाही. गल्लीत त्यांना आढ्यतेखोर म्हणत. मीही म्हणत होते.

मग प्रात्यक्षिक. ते मागच्या अंगणात. तिथे अण्णांनी उमेदवारांसाठी जागा राखली होती. प्रत्येकानं तिथे एक टाईल बसवून दाखवायची. टाईल अण्णांची, ती दुकानातून उरलीसुरली, कडा उडालेली उचलून आणलेली. वर्षानुवर्षं परीक्षा देणारे आले आणि गेले, आणि अंगण भरत गेलं. निळ्याशेजारी पिवळी, तिच्याशेजारी गुलाबाचं फूल असलेली न्हाणीघरातली, मग कुठल्याशा हॉटेलची करडी. आमचे माधव म्हणत, "म्हाताऱ्यानं फुकटात अंगण करून घेतलं." अण्णांच्या कानावर हे गेलं असतं तर भांडण झालं असतं. घरात मात्र त्यांनी टाईल कधी लावली नाही. तिथे तीच लाल जमीन, गोदक्कांनी पुसून पुसून आरसा केलेली.

गोदक्का म्हणजे अण्णांची बायको. बुटकी, गोल, अबोल. प्रत्येक परीक्षेला त्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर सूप घेऊन बसलेल्या असायच्या, तांदूळ निवडत. दुसऱ्याच्या घरी फरशी तपासायला जायचं असलं तरी अण्णा त्यांना बरोबर नेत. त्या तिथेही सूप घेऊन येत आणि कोपऱ्यात बसत. अण्णा एक टाईल ठोकत आणि मान वर करून बायकोकडे बघत. दुसरी ठोकत, पुन्हा बघत. "या वयातसुद्धा बायकोवर छाप पाडतोय," आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. गोदक्का बिचाऱ्या संकोचायच्या. मेस्त्री नापास व्हायच्या आधीच त्यांना त्याची दया येत असावी, कारण त्या अवघडून पदर सारखा करत. आणि खरंच पुढच्याच क्षणी अण्णांचा खडू बाहेर येई.

अण्णांच्या घरी फोन नव्हता. घ्यायची ऐपत होती, पण "फोन म्हणजे पाठीमागनं बोलणं. माणसानं तोंड समोर ठेवून बोलावं," असं ते म्हणत. त्यांची मुलगी सुमन हुबळीला दिलेली. रविवारी तिचा फोन आमच्याकडे येई. मी समोरच त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की गोदक्का ओले हात पुसत येत, लेकीशी बोलत, आणि अण्णा शेजारी उभे राहून बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघत. मला वाटे, काय हा माणूस, बायको लेकीशी बोलते त्याचीसुद्धा तपासणी.

मग गोदक्का गेल्या. ताप आला, तो त्यांनी अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मला फार वाईट वाटलं. कधी चार वाक्यं सलग बोलल्या नसतील त्या माझ्याशी, पण त्या गेल्यावर गल्लीतलं काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं. अण्णा कित्येक महिने घराबाहेर पडले नाहीत. दरम्यान दोन घरांत टाईल्स बसल्या, आणि त्यांना बोलवायचं कुणाला धाडस झालं नाही.

रविवारी सुमनचा फोन येतच राहिला. मी अण्णांना बोलावून आणत असे. ते येत, पण रिसीव्हर हातात घेत नसत. "तूच बोल, सरोजा. मला ते यंत्र आवडत नाही." सुमन म्हणे, अण्णांना इकडं यायला सांग, एकटे राहतात, माझा जीव थाऱ्यावर नाही. मी अण्णांकडे वळून ते सांगितलं की ते म्हणत, "तिला म्हणाव, इथं मला काम आहे. हुबळीत कोण मला विचारून टाईल बसवणार?" ते इतक्या मोठ्यानं बोलत की मला निरोप द्यावाच लागत नसे, हुबळीला फोनवाचूनही ऐकू गेलं असतं.

आणि खरोखर एक दिवस ते पुन्हा पिशवी खांद्याला लावून बाहेर पडले. पण आता वेगळेच अण्णा. गुडघे बघत, पण टाईल ठोकली की "सरी". दुसरी ठोकली, "सरी". अख्खी खोली "सरी". लाल फुलीचं नाव नाही. गल्ली खूश झाली. दुःखानं माणूस मऊ होतो, असं जो तो म्हणू लागला. ज्यांनी कधीकाळी त्यांच्या नावानं बोटं मोडली होती ते मेस्त्री आता केळी घेऊन भेटायला येऊ लागले. मीसुद्धा म्हटलं, बरं झालं, म्हातारपणी तरी कटकट कमी झाली.

ही खुशी कुलकर्ण्यांच्या सिलिंडरनं संपवली. कुलकर्णी पुण्याहून आलेले, कॉम्प्युटरवाले. सकाळी कंपनीच्या बसनं महादेवपुऱ्याकडे कुठेतरी जात आणि संध्याकाळी वैतागून परत येत. गल्लीच्या टोकाचं घर त्यांनी विकत घेतलं होतं. मेस्त्री निवडायची त्यांची स्वतःची पद्धत होती. "इट्स सिंपल हो. तीन कोटेशन्स घ्यायची आणि लोएस्टला काम द्यायचं. गुडघे कसले बघताय?" तरी त्यांच्या बायकोनं आग्रह करून काम झाल्यावर अण्णांना बोलावलं. अण्णांनी सगळं स्वयंपाकघर ठोकलं आणि सरी म्हणाले. पुढं आठवड्याच्या आतच गॅसवाल्यानं भरलेला सिलिंडर धप्पकन खाली ठेवला, आणि तो टाईल फोडून खळग्यात जाऊन बसला. नेमके त्याच दिवशी कुलकर्ण्यांचे साहेब जेवायला यायचे होते. साहेबांना तो खड्डा दिसू नये म्हणून त्यावर पाट ठेवला, पाटावर तांब्या ठेवला आणि तांब्यावर फुलं. साहेबांनी विचारलं, ही कुणाची पूजा?

साहेबांना बोळवून कुलकर्ण्यांनी अण्णांना बोलावणं पाठवलं. आम्हीही मागोमाग गेलो, दुसऱ्याच्या घरातला खड्डा कुणाला बघवत नाही? कुलकर्णी खड्ड्यात डोकावत म्हणाले, "नो ऑफेन्स अण्णा, पण तुमची मेथड अनसायंटिफिक आहे. सगळं पोकळ निघालं आणि तुम्ही ओके करून गेलात." अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही नाही अण्णा." पण त्यांनी खड्डा बघितला होता, आणि सगळ्यांची तोंडंही बघितली होती.

त्यानंतर गल्लीनं त्यांना बोलावणं सोडलं. कुणी वाईट बोललं नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. फक्त टाईलचा विषय निघाला की अण्णांसमोर हवापाण्याचं बोलायचं. पुढच्या रविवारी सुमनचा फोन आला तेव्हा अण्णा म्हणाले, "तिला म्हणाव, येतो पुढच्या महिन्यात." या वेळी हळू बोलले. निरोप मलाच द्यावा लागला. सुमन फोनवर रडली, आनंदानं की कशानं ते कळलं नाही.

नेमकी तेव्हाच आमची पाळी आली. आमच्या जमिनीला दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एक भेग गेली होती, ती आता घराच्या मालकीवर हक्क सांगू लागली होती. मेस्त्री मिळाला मुनियप्पा. हा अण्णांच्या जुन्या परीक्षेतला, गोदक्का असतानाच पास झालेला. हात चांगला, पण कोपऱ्यात माल घालताना त्याच्या जिवावर येई. तोंडात सदा पान, आणि बोलणं थांबवायला पानसुद्धा पुरत नसे. टाईल्स पिंपात बुडवून ठेवल्या, सामान गच्चीवर नेलं, स्वयंपाक गच्चीवर, जेवण गच्चीवर. माधव म्हणाले, "अण्णांना नको हं बोलवूस. कुलकर्ण्यांचं बघितलंस ना? फरशी तपासायला मी ऑफिसातल्या एका सिव्हिल इंजिनिअरला आणतो."

"अण्णांना तसं सांगणार कोण?"

"तू," माधव म्हणाले, आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दार उघडं होतं. हाक मारली, उत्तर नाही. आढ्यतेखोर, म्हटलं, आणि चिडून मागच्या अंगणात गेले. अण्णा पाठमोरे होते, गुडघ्यांवर बसलेले. हातात बत्ता. त्या रंगीबेरंगी टाईल्स एकेक करून ठोकत चालले होते. एक ठोकायची, आणि मान वर करून धुण्याच्या दगडाकडे बघायचं. दगडावर कुणी नव्हतं. मग पुढची. पुन्हा मान वर. मी "अण्णा" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर येऊन ओरडले म्हणा ना. ते पुढची टाईल ठोकत होते. तिचा आवाज ढब् आला, इतका साफ की मला, टाईलमधलं ओ की ठो कळत नसलेल्या बाईलाही कळला. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला, दगडाकडे बघितलं, वाट बघितली, आणि पुढं सरकले.

मी तिथेच उभी राहिले. गोदक्कांचा तो पदर आठवला. आणि फोनवर त्यांच्या तोंडाकडे लावलेली ती टक. आणि कारखान्यातला तो दणदणाट. टाईलचं ऐकायचं, म्हणायचा हा माणूस. ऐकणारी तांदूळ निवडत बसलेली असे. सगळ्या गल्लीसमोर, इतकी वर्षं, दोघांनी मिळून. कुणाला पत्ता नाही. मला रडू आलं आणि हसूही आलं. एवढी हुशार गल्ली, आणि आम्ही म्हणत होतो म्हातारा बायकोवर छाप पाडतोय.

मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले. ते दचकले, बत्ता पिशवीत घालू लागले. मी तोंड समोर ठेवून, सावकाश म्हटलं, "अण्णा, शुक्रवारी आमची फरशी तपासायला यायचं."

"नको, सरोजा. आता नको." त्यांनी नजर वळवली. "कुलकर्ण्याचं बघितलंस की."

"मला तुम्हीच पाहिजे. नाही आलात तर मुनियप्पाला पैसे देणार नाही, आणि तो तुमच्या दारात येऊन बोलत बसेल."

मुनियप्पा बोलत बसेल याची भीती कुणालाही वाटावी. पण अण्णा त्यामुळे आले असं मला वाटत नाही. बोलावणं आलं म्हणून आले. शुक्रवारी धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, खांद्याला पिशवी. घरी माधवांची आणि माझी आदल्या दिवशीच बाचाबाची झाली होती. मी म्हटलं होतं, इंजिनिअर आणलात तर त्याला जेवण गच्चीवर तुम्हीच करून घालायचं. तो प्रश्न मिटला होता. पण कुलकर्णी मात्र न बोलावता आले, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. "क्रॉसचेक करतो जस्ट," म्हणाले. दोनचार शेजारीही जमले. सगळ्यांना काय बघायचं होतं ते मला माहीत होतं, आणि अण्णांनाही. आज जर एक पोकळ टाईल त्यांच्या हातून सुटून कुलकर्ण्याच्या हाती लागली, तर त्यांची हुबळीची गाडी पक्की.

मी गच्चीवरून सूप आणलं, त्यात वाटीभर तांदूळ ओतले, आणि कोपऱ्यात पाट टाकून बसले. माधव म्हणाले, "आत्ता तांदूळ?" मी म्हटलं, "मग केव्हा, संध्याकाळी?"

अण्णा उंबऱ्याजवळ गुडघ्यांवर बसले. टक्. घट्ट आवाज. त्यांनी सवयीनं मान वर केली. कोपऱ्यात मी होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि बाजूला गेली. पुढची टाईल, टण्. पुढची, टण्. खिडकीखालच्या कोपऱ्यात पोचले, जिथे माल घालताना मुनियप्पाचा हात आखडतो. ठोकलं. ढब्. त्यांनी मान वर केली.

मी पदर सारखा केला.

अण्णा हलेनात. बत्ता तसाच हवेत. मला वाटलं आता ते उठून निघून जातील. मग त्यांनी तीच टाईल पुन्हा ठोकली आणि पुन्हा बघितलं. मी पुन्हा पदर सारखा केला. त्यांनी पिशवीत हात घातला. कितीतरी दिवसांनी तो लाल खडू बाहेर आला.

"अय्यो," अण्णा गरजले. कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही ऐकू गेलं असेल. "मुनियप्पा, हे काय? खाली वारा भरलाय काय?"

"अण्णा, ती सरी आहे, तुम्ही जरा ऐकून..."

"स्वल्प ताळू."

त्या दिवशी माझा पदर जेवढ्या वेळा सारखा झाला तेवढ्या वेळा लग्नातही झाला नसेल. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झालं. कोपऱ्याकोपऱ्यांत फुल्या पडल्या. मुनियप्पा कपाळाला हात लावून पायरीवर बसला आणि त्यानं चक्क पान थुंकून टाकलं. कुलकर्णी स्क्रूड्रायव्हर घेऊन अण्णांच्या मागोमाग फिरले, वाकून वाकून ठोकत. फुली नव्हती तिथं सगळीकडे टण्. फुली होती तिथं ढब्. शेवटी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "हंड्रेड पर्सेंट मॅच," म्हणाले. मग जरा घुटमळून अण्णांच्या समोर उभे राहिले. "अण्णा, माझं किचन पुन्हा करायचंय. मेस्त्री तुम्हीच बघून द्याल का?"

"गुडघे बघायला लागतील," अण्णा म्हणाले.

"बघा हो. माझेही बघा."

शेजारी पांगले. मुनियप्पा शिव्या पुटपुटत टाईल्स उखडायला बसला. माधव माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होते. तांदूळ एवढे निवडून झाले होते की त्यात आता तांदूळच राहिले होते. सूप गच्चीवर ठेवून मी खाली आले तर अण्णा नळाखाली बत्ता धूत होते, माझ्याकडे पाठ करून. पाणी वाहत होतं आणि ते अगदी हळू, त्यांच्यापुरतं हळू, बोलत होते.

"ती डाव्या हातानं करायची. उजवा हात तांदळात असायचा." नळ बंद केला. "आणि एवढ्या घाईनं नाही. तू मी मान वर करायच्या आधीच करतेस. लोकांना कळंल."

ते बत्ता पंच्यानं पुसत राहिले, वळले नाहीत.

"सुमनला कळव, इथं काम निघालं म्हणून. रविवारी कुलकर्ण्याकडं मेस्त्री बघायला जायचंय." बत्ता उलटा करून पुसला. "सूप घेऊन येशील?"

"येते, अण्णा," मी म्हटलं. त्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते तसेच पाठमोरे उभे राहिले, बत्ता पुसून कोरडा झाला तरी पुसत. मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि मान हलवली.

"सरी," अण्णा म्हणाले.